रकान्यातली रेघ

रकानेकाकांच्या शोकसभेत कुलसचिव म्हणाले, एकतीस वर्षांच्या नोकरीत या माणसाच्या हातून एकही चूक झाली नाही. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच साहेबांनी साडेचार वर्षांपूर्वी, काका निवृत्त व्हायला पाच महिने उरलेले असताना, त्यांच्या सेवापुस्तकात ठपका लिहिला होता. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सहीने. आणि आता म्हणे एकही चूक नाही. माणूस मेला की त्याची फाइल किती पटकन स्वच्छ होते बघा.

मग दोन मिनिटं शांतता झाली. मला दोन मिनिटं गप्प बसवत नाही हे आख्ख्या ऑफिसला ठाऊक आहे. माझ्यामागे मला 'ठिणगी' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. पण या एका गोष्टीत ही ठिणगी सगळी वर्षं मूग गिळून बसली. तर आता सांगते. सगळं सांगते, माझ्यासकट.

काकांचं खरं नाव हजेरीपत्रकापुरतं होतं. विद्यापीठात कुलगुरूंपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे त्यांना रकानेकाका म्हणत, कारण कुठलीही गोष्ट रकान्यात घातल्याशिवाय या माणसाला कळायचीच नाही. अभ्यासक्रम विभागात मुख्य लिपिक. दर काही वर्षांनी प्राध्यापकांना साक्षात्कार होतो की आपला अभ्यासक्रम जुना झाला. मग बैठका. हा विषय काढा, तो घाला, हा सक्तीचा करा, तो ऐच्छिक करा, पदवीला इतके विषय नकोत, इतके हवेत. दोन-दोन दिवस भांडतात, बिस्किटं संपवतात आणि आपापल्या गाडीत बसून निघून जातात. मागे राहतो तो सगळा गोंधळ कुणालातरी बसून सरळ करावा लागतो, की कुठल्या सालच्या मुलाने कुठला विषय दिला म्हणजे त्याला पदवी मिळेल. ते कुणीतरी म्हणजे काका.

अंगाने काटकुळे, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, खिशात पोलादी पट्टी. कॉम्प्युटर आला तरी आधी कागदावर पट्टीने रकाने आखायचे, मगच टाइप करायचे. आणि लाल पेन. कुणाच्याही कागदावर शुद्धलेखनाची चूक दिसली की काकांचा हात आपोआप त्या पेनाकडे जायचा. एकदा कुलगुरूंच्या सहीचं पत्रकही त्यांनी लाल खुणा करून परत पाठवलं होतं. कुलगुरूंनी ते निमूट दुरुस्त केलं, असं ऐकलंय.

घरी दोघंच, काका आणि काकू. काकूंना ऐकू फार कमी यायचं, त्यामुळे घरातही कारभार लेखी. स्वयंपाकघराच्या दाराला एक वही टांगलेली असायची. मी एकदा गेले होते तेव्हा वाचली. काकांनी लिहिलेलं, 'विषय : आज संध्याकाळी उशीर होणेबाबत.' खाली काकूंचं अक्षर, 'वाचले. येताना दूध आणणे.' त्याच्याखाली काकांची सही आणि तारीख. मी हसून हसून बेजार झाले. काकूही हसल्या, आणि त्यांनी वहीत लिहिलं, 'पाहुणीला हसू आले.'

आमचा हॉल दुसऱ्या मजल्यावर. अर्ध्यात त्यांचा विभाग, अर्ध्यात आमचा परीक्षा विभाग, मधे सात लोखंडी कपाटांची भिंत. कपाटांवर गठ्ठे, गठ्ठ्यांवर धूळ, त्यामुळे पलीकडचा माणूस दिसायचा नाही, पण शिंकला तर कळायचं. माझ्या टेबलापासून काकांच्या टेबलापर्यंत अकरा पावलं. मी नंतर मोजली.

आता भांडणाचं सांगते, कारण घोडं तिथेच पेंड खातं. हॉलमध्ये काका सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणून सगळ्यांचे रजेचे अर्ज त्यांच्या टेबलावरून वर जायचे. माझे सासरे गेले. माझ्या वडिलांपेक्षा जास्त माया लावलेला माणूस. मी रडत रडत अर्ज लिहिला आणि शेजारणीच्या हाती पाठवून दिला. नऊ दिवसांनी कामावर आले तर टेबलावर माझाच अर्ज. वर मंजुरी, आणि मधे लाल खूण. 'सासऱ्यांचे निधन झाल्यामूळे' असं मी लिहिलं होतं. त्या 'मू'ला गोल करून समासात काकांनी लिहिलं होतं, 'ऱ्हस्व.'

बाकी एक अक्षर नाही. वाईट वाटलं नाही, काळजी घ्या नाही. ऱ्हस्व! मी तो अर्ज घेऊन कपाटांच्या पलीकडे गेले आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना म्हटलं की तुमच्या घरी कुणी मरेल तेव्हा दीर्घ आहे का ऱ्हस्व ते बघायला मी येईन. ते पट्टी हातात धरून नुसते बघत राहिले. त्यांना खरंच कळलं नव्हतं की काय चुकलं. आता वाटतं, त्यांना दुसरं काही लिहायला सुचलं नसेल, आणि जे येत होतं ते त्यांनी केलं. पण तेव्हा मी कानाला खडा लावला, या माणसाशी एक शब्द बोलायचा नाही. अबोला धरला.

आणि नेमका त्याच महिन्यात काकांनी समकक्षतेचा तक्ता माझ्याकडे पाठवला.

तक्ता म्हणजे काय, तर अभ्यासक्रम बदलला की जुन्या मुलांचं काय करायचं हा प्रश्न येतो. एखाद्याचा जुन्यातला एक विषय राहिलाय आणि आता तो विषयच नाही, मग त्याने नव्यातला कुठला द्यायचा? त्यासाठी डावीकडे जुना विषय, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा नवा विषय. बेचाळीस ओळी होत्या. विद्या परिषदेची मंजुरी मिळालेल्या, पट्टीने आखलेल्या, एकही खाडाखोड नसलेल्या. मी त्या परीक्षेच्या यंत्रणेत भरायच्या, म्हणजे मुलांचे अर्ज आपोआप स्वीकारले जातात किंवा परत जातात.

बेचाळीसपैकी नऊ ओळींत उजवीकडे नुसती आडवी रेघ होती. आमच्या परीक्षा विभागात रेघेचा एकच अर्थ, 'नाही'. गुणपत्रिकेत रेघ म्हणजे गुण नाहीत, हजेरीत रेघ म्हणजे माणूस नाही. पण खाली दोन ओळींत काकांनी अक्षरांत लिहिलं होतं, 'समकक्ष विषय नाही'. तेव्हा मला खटकलं. 'नाही'ला इथे शब्द आहेत, मग रेघ कशाला? अकराव्या ओळीत तर्कशास्त्र होतं, त्याच्या रेघेशेजारी मी पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं.

उठायचं, अकरा पावलं जायचं आणि विचारायचं, काका, ही रेघ म्हणजे काय हो? एवढंच. दहा सेकंदांचं काम.

मी उठले नाही. मनात म्हटलं, मरू दे. स्वतःला एवढा शहाणा समजतो ना, मग त्याच्या कागदावर शंका काढणारी मी कोण? मी रबर घेतलं, प्रश्नचिन्ह खोडलं, आणि नऊच्या नऊ ठिकाणी 'नाही' भरलं. कागद त्यांच्या फाइलीत परत गेला.

सात महिन्यांनी ती आली. तोवर आमचा अबोला आपोआप सुटला होता. कुणाच्या तरी निरोपसमारंभात त्यांनी माझ्या पुढ्यात चहाचा कप सरकवला आणि मी घेतला, तेवढंच. ती माझ्या खिडकीशी आली, चौतिशीची, खांद्याला कापडी पिशवी, हातात परत आलेला परीक्षेचा अर्ज. एका इस्पितळाच्या रेकॉर्डरूममध्ये हंगामी कामाला होती, रुग्णांचे जुने कागद लावून ठेवायचं काम. मी आपली तिला मनातल्या मनात रेकॉर्डवाली म्हणत गेले. बाहेरून पदवीला बसलेली. मधे दोन बाळंतपणं, एक आजारपण, एकेक विषय करत सगळे सोडवलेले. एकच उरला होता, तर्कशास्त्र. आठ वर्षांत पदवी पुरी झाली नाही तर आधीचं सगळं रद्द, पहिल्यापासून सुरुवात, असा आमचा नियम. तिची आठ वर्षं या परीक्षेबरोबर संपत होती. आणि रेकॉर्डरूममधली तिची जागा कायम व्हायची होती, पण पदवीधरासाठी. इस्पितळाने तिला निकालापर्यंत मुदत दिली होती.

मी यंत्रणेत पाहिलं आणि सांगितलं, तुमचा विषय बंद झालाय, त्याच्या बदल्यात दुसरा नाही.

ती म्हणाली, "बंद कसा? आमच्या शेजारची मुलगी याच वर्षी तोच विषय शिकतेय. पुस्तकसुद्धा तेच आहे. मीच दिलंय तिला."

मी तिला दोनदा तेच सांगितलं, दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात. ती गेली नाही. ओरडलीही नाही. खिडकीची कड धरून उभी राहिली. कपाटांपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि काका पट्टीसकट आमच्या बाजूला आले. त्यांनी अर्ज पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुमच्याकडे रेघ म्हणजे काय?"

"नाही."

"आमच्याकडे रेघ म्हणजे तोच," काका म्हणाले. "नाव बदललं नाही, विषय तोच, म्हणून रेघ. एकतीस वर्षं मी तशीच ओढतोय."

तर्कशास्त्र नव्या अभ्यासक्रमात होतंच. आधी सक्तीचं होतं, आता ऐच्छिक झालं होतं, एवढाच फरक. तोच विषय, तेच पुस्तक, शिकवणारेही तेच. एकाच हॉलमध्ये एकच रेघ कपाटांच्या या बाजूला 'नाही' होती आणि त्या बाजूला 'तोच'. मागच्या खेपांना कधी काही अडलं नाही, कारण तेव्हा तक्ता भरणारे आमचे जुने साहेब दर ओळीला उठून काकांकडे जायचे. बाकीच्या आठ रेघांवर या वेळी कुणी अडलेलं नव्हतं. या रेघेवर एक जण अडली होती.

काकांनी तिथल्या तिथे म्हटलं, "मग चूक माझी. रेघेचा अर्थ मी खाली लिहायला हवा होता."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी अर्ज खाली-वर करत राहिले.

परीक्षेला एकोणीस दिवस होते. काकांनी त्याच दिवशी टिपणी लिहिली. नेहमी हाताखालच्या माणसाकडून पाठवायचे, या वेळी स्वतः टेबलाटेबलावर घेऊन हिंडले. जो तो म्हणे, बरोबर आहे तुमचं, पण माझ्या हातात नाही. कुलसचिवांनी सांगितलं की परिषदेने मंजूर केलेल्या तक्त्यात मी एक टिंबसुद्धा हलवू शकत नाही, स्थायी समितीपुढे ठेवा. समितीची बैठक परीक्षेच्या दोन दिवस आधी होती. काका म्हणाले, दोन दिवस पुरतील, आदल्या दिवशीही तिला प्रवेशपत्र देता येईल. त्यांनी ते प्रवेशपत्र भरून तयार ठेवलं होतं, फक्त बैठक क्रमांकाची जागा मोकळी. रेकॉर्डवाली एक दिवसाआड येऊन विचारून जायची आणि काका तिला दरवेळी खुर्ची द्यायचे. काकूंनाही माहीत झालं होतं. वहीत त्या रोज लिहायच्या, 'त्या मुलीचे काय झाले?' आणि काका खाली लिहायचे, 'प्रलंबित.'

बैठकीला मलाही बोलावलं होतं, काही माहिती लागली तर असावी म्हणून. भिंतीकडेच्या खुर्चीवर मी बसले. काका कोपऱ्यात, इतिवृत्त लिहायला. आमचा विषय चौदावा, शेवटचा. तोवर दोन प्राध्यापकांनी पिशव्या आवरायला घेतल्या होत्या. काकांनी उभं राहून चार वाक्यांत सांगितलं. मी त्यांना इतकं कमी शब्दांत इतकं विनवून बोलताना कधी ऐकलं नव्हतं. अधिष्ठाता म्हणाले, चूक दुरुस्त करायलाच हवी, पण एका उमेदवारासाठी मागच्या तारखेने नियम फिरवला तर उद्या दारात रांग लागेल. कुणीतरी हो म्हटलं. कुणीतरी घड्याळ पाहिलं. मग कुलसचिव माझ्याकडे वळले आणि त्यांनी विचारलं की तक्ता भरताना परीक्षा विभागाने या रेघेबद्दल काही शंका विचारली होती का.

"नाही," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. विचारली नव्हतीच. पण त्या क्षणी मी म्हटलं असतं की शंका आली होती, मी खोडली, चूक दोन्ही विभागांची आहे, उमेदवाराचा काडीचा दोष नाही, तर कदाचित त्यांना निराळा विचार करावा लागला असता. कदाचित नसताही लागला. मला नोकरीची अजून अकरा वर्षं होती. भीती वाटली, एवढंच खरं. दीड मिनिटात ठरलं, दुरुस्ती मंजूर, पुढील शैक्षणिक वर्षापासून लागू.

बैठक संपल्यावर काका हॉलमध्ये येऊन इतिवृत्त लिहायला बसले. मी अकरा पावलं चालत गेले. या वेळी गेले. हळू आवाजात म्हटलं, 'पुढील शैक्षणिक वर्षापासून' कशाला लिहिता, 'तत्काळ' लिहा. कोण वाचतंय? तुम्ही लिहाल त्यावर डोळे मिटून सह्या करतात सगळे. एकतीस वर्षं करत आलेत.

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "डोळे मिटून करतात, म्हणूनच लिहिता येत नाही."

मी खूप बोलले. त्या खरेपणाचं काय लोणचं घालायचंय, असंही म्हणाले. एका बाईचं आयुष्य एका शब्दावर टांगलंय आणि तुम्ही पट्टी लावून बसलात, असं म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. मग पेनाचं टोपण काढलं आणि जे ठरलं होतं तेच लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी ते तयार प्रवेशपत्र खणातून काढलं, चौपट दुमडलं आणि खिशात ठेवलं. फाडून टाकवेना त्यांना.

तर्कशास्त्राच्या पेपरच्या दिवशी ती आली. तिला आदल्या दिवशीच कळवलं होतं, काका स्वतः इस्पितळात जाऊन सांगून आले होते. तरी आली. परीक्षेच्या खोलीबाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. आतून पानं उलटल्याचा आवाज येत होता. शेजारची मुलगी पेपर देऊन बाहेर पडली तेव्हा रेकॉर्डवालीने तिच्याकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली, पिशवीतली वही मांडीवर ठेवली आणि लिहायला लागली. घड्याळ लावून, तीन तास. शिपाईण दोनदा तिला उठवायला गेली आणि दोनदा तशीच परत आली.

संध्याकाळी ऑफिस सुटायच्या बेताला ती हॉलमध्ये आली आणि वही काकांच्या टेबलावर ठेवली. "बघा," ती म्हणाली. "मला येत होतं."

काकांनी वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, ओळ न् ओळ वाचली. मी कपाटांच्या कडेला उभी होते, मला वहीतल्या चुका तिथून दिसत होत्या. बाई घाईने लिहिणारी, उकार-वेलांट्यांचा नुसता बाजार होता. लाल पेन काकांच्या हाताशी पडलं होतं. त्यांनी त्याला बोट लावलं नाही. वही मिटून दोन्ही हातांनी तिला परत दिली. तिने ती पिशवीत ठेवली आणि निघून गेली, आणि काका टेबलावर डोकं टेकून रडले. हॉलमध्ये पाच-सहा माणसं होती. कुणाला काय करावं कळेना, मग एकेक जण डबे घेऊन निघून गेला.

पुढे चौकशी लागली. तिने तक्रार केली नव्हती, कुठल्याशा वर्तमानपत्रात बातमी आली होती म्हणून. फाइल मागवली. मला दोन रात्री झोप लागली नाही, कारण त्या फाइलीत माझा पेन्सिलीचा कागद होता. रबराने पेन्सिलीचं शिसं पुरतं जात नाही, आणि मी रागाने दाबून काढलं होतं ते चिन्ह. कागदावर वळ उठला होता त्याचा. पण चौकशीत त्याचा विषयच निघाला नाही. काकांनी खुलासा दिला, 'रेघेचा अर्थ तक्त्याखाली नमूद न करणे ही सर्वस्वी माझी चूक आहे.' साहेबांनी ठपका लिहिला. मी सुटले म्हणून देवाचे आभार मानले. मानले, लपवत नाही.

निवृत्तीच्या दिवशी काकांनी सगळी कपाटं उघडून किल्ल्या मोजून दिल्या. मग माझ्या टेबलाशी आले आणि एक पाकीट ठेवलं. मी उघडलं. तोच कागद. बेचाळीस ओळी, अकराव्या ओळीत रेघ, आणि उजेडात तिरपा धरला की शेजारी प्रश्नचिन्हाचा वळ.

फाइलीत त्यांनी दुसरी, स्वच्छ प्रत लावली होती. ज्या माणसाने एकतीस वर्षांत फाइलीतला एक चिठोरा हलवला नव्हता, त्याने. माझ्यासाठी.

"मला वाटलं होतं, कागद काढताना माझा हात थरथरेल," काका म्हणाले. "नाही थरथरला. सहज निघाला. म्हणजे ताई, तो शब्दही लिहिता आला असता मला."

एवढं बोलून ते जिना उतरले. त्यानंतर चार वर्षं जगले. मी दोन-तीनदा घरी गेले, पण त्या विषयावर आम्ही बोललो नाही. काकू सांगतात की शेवटच्या आजारपणात ते वहीत मागची पानं उघडून बसायचे. 'त्या मुलीचे काय झाले?' असं काकूंनी लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली 'प्रलंबित' होतं, ते खोडून त्यांनी एकेक करून लाल पेनाने लिहिलं होतं, 'मी नाही म्हटले.'

शोकसभा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि पाकीट घेऊन इस्पितळात गेले. रेकॉर्डरूम तळघरात. पुढच्या टेबलावर एक तरुण मुलगी बसली होती, पदवीधर, कायम झालेली. रेकॉर्डवाली मागे होती, अजून हंगामीच, जमिनीवर बसून गठ्ठे बांधत. त्या मुलीला काम तिनेच शिकवलं होतं. तिने मला लगेच ओळखलं. काका गेल्याचं सांगितलं तर तिने हातातली दोरी खाली ठेवली. म्हणाली, चांगला माणूस होता, मला दरवेळी खुर्ची द्यायचा.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि कागद काढला. सगळं सांगितलं. हे प्रश्नचिन्ह माझं, शंका आली होती, मीच खोडलं. तिने कागद दिव्याकडे तिरपा धरला आणि त्या वळावरून बोट फिरवलं.

"मग विचारलं का नाही?"

"आमचं बोलणं बंद होतं तेव्हा."

"कशावरून?"

मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. "एका उकारावरून," मी म्हटलं. "माझ्या अर्जात एक उकार चुकला होता, तो त्यांनी दुरुस्त केला होता."

ती चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने कागद घडीवर घडी घालून माझ्या हातात परत दिला आणि दोरी उचलून गठ्ठ्याला गाठ मारली.

"इतकी वर्षं मला वाटायचं," ती म्हणाली, "काहीतरी मोठं कारण असेल."